दरवर्षी गोळ्यांची परत साखर का होते?

थर्मामीटर 130 अंशांच्या पुढे सरकला होता. पाक काचेसारखा नितळ, वर मोठमोठे सुस्त बुडबुडे. धाकटी पुतणी स्टुलावर चढून "आता माझा नंबर" म्हणाली, तिच्या हाती डाव गेला, तिनं तो चार वेळा गोल फिरवला आणि कडेकडेनं पाक दुधाळ व्हायला लागला. आधी एक ढग उठला, मग दुसरा. डाव जड झाला. पाच-सात सेकंदांत पातेल्यात पाक उरलाच नव्हता, ओल्या वाळूसारखा पांढरा रवाळ गोळा होता. "परत साखर झाली," आत्या म्हणाली. परत, कारण हे सलग तिसरं वर्ष होतं.

आमच्याकडे वर्षाअखेरच्या सुट्टीत सगळे जमले की एक दिवस घरी गोळ्या करायचा असतो. लिंबाच्या कडक गोळ्या, थोडं कॅरमेल, कोणाला हुरूप असेल तर फज, म्हणजे दूध-कोकोची मऊ वडी. आजी होती तोवर हे सगळं बिनबोभाट व्हायचं. तिच्या वहीत कृती तीन ओळींची आहे: साखर चार वाट्या, पाणी दीड वाटी, कडक पाक होईस्तोवर आटवणे, मग लिंबू. बाकीचं तिच्या हातात होतं. पाक शेगडीवर असताना ती कोणाला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही. एखाद्यानं डाव उचलला तर अंगावर यायची. आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा. ती गेल्यावर आम्ही ठरवलं की आता मुलांना बाजूला बसवायचं नाही, प्रत्येकाला ढवळायला मिळालं पाहिजे. नंबर लावले. आणि त्याच वर्षापासून गोळ्या बिघडायला लागल्या.

हा संबंध लक्षात यायला मला तीन वर्षं लागली, हे कबूल करायला लाज वाटते. मधल्या काळात आम्ही साखर बदलली, पातेलं बदललं, एकदा तर शेगडीलाच दोष दिला. शेवटी मी सुट्टी नसताना, घरात कोणी नसताना, एका दुपारी चार छोटे पाक लावले. प्रत्येकात 200 ग्रॅम साखर आणि 100 मिली पाणी, चौथ्यात शिवाय 100 ग्रॅम द्रव ग्लुकोज, म्हणजे मिठाईसाठी मिळणारा घट्ट, नितळ, चिकट पाक. पातेलं तेच, आच तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

पहिला पाक आमच्या कौटुंबिक पद्धतीनं शेवटपर्यंत ढवळला. 125 च्या आसपास साखर झाली. दुसरा उकळी फुटल्यावर अजिबात ढवळला नाही, पण पातेल्याच्या भिंतीवर उडालेले शिंतोडे तसेच ठेवले. तो 150 पर्यंत नीट गेला. ओतताना मात्र शेवटचा थेंब काढायच्या मोहात मी भिंत खरवडली, आणि ताटात त्या बाजूनं पांढरा पट्टा पसरत गेला. तिसऱ्यात न ढवळणं अधिक भिंती स्वच्छ ठेवणं. ताटात आरशासारखा दिसत होता, पण दुसऱ्या दिवशी एक कोपरा धुरकट झाला. चौथा, ग्लुकोज घातलेला, आठवडाभर डब्यात पडून होता, तरी आरपार दिसत होता.

असं का होतं, हे एकदा समजलं की अर्ध्या युक्त्या आपोआप सुचतात, म्हणून थोडं खोलात जातो. साध्या तापमानाला, म्हणजे 20 अंशांना, 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते. 100 अंशांना जवळजवळ 490 ग्रॅम. कडक गोळीसाठी आपण पाक 150 अंशांपर्यंत नेतो तेव्हा त्यात पाणी जेमतेम शेकडा एक-दोन उरलेलं असतं, बाकी सगळी साखर. म्हणजे गार होताना तो पाक त्याच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त साखर अंगावर वागवत असतो. तिला परत दाणा व्हायचंच असतं, फक्त निमित्त हवं असतं. भिंतीवर सुकलेला एक कण आत पडला, चमच्याला आधीच्या घाण्याची साखर चिकटलेली असली, किंवा गरम पाक जोरात ढवळला, की निमित्त मिळालं. पहिला दाणा तयार झाला की शेजारची साखर त्याला येऊन चिकटते, आणि मग ते थांबत नाही. खडीसाखर करताना आपण मुद्दाम दोरा सोडून हेच करतो, फक्त तिथे ते आठवडाभर सावकाश चालतं.

गोळीत मात्र साखरेला रांगेत बसू द्यायचं नसतं. ती विस्कटलेलीच राहून गोठली पाहिजे, काच गोठते तशी. कडक गोळी म्हणजे साखरेची काचच.

आता नंबर लावून ढवळण्यात काय काय होत होतं ते पाहा. पाक सतत हलत होता, हे एक. प्रत्येक मूल डाव भिंतीला घासत होतं आणि तिथले सुके कण आत ढकलत होतं. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना डाव बशीत टेकत होता, बशीतला पाक गार होऊन पांढरा पडत होता, आणि तोच डाव परत आत. बशीचा तर मला संशयही आला नव्हता. एका वर्षीचा फोटो सापडला, त्यात ती ओट्यावर दिसते. काठाला पांढरी खरपुडी धरलेली. आम्ही दर दोन मिनिटांनी पाकात विरजण घालत होतो म्हणा ना.

तर तुमच्याकडे पाकाची साखर होत असेल तर आधी हे करून बघा.

साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवा आणि ढवळायचं ते याच वेळी ढवळून घ्या. एकही कण उरता कामा नये. चमच्यावर थोडा पाक घेऊन उजेडात धरा, खाली खडा चमकत नसेल तर झालं. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. उकळी फुटली की डाव बाहेर. नुसता बाहेर नाही, सिंकमध्ये, म्हणजे कोणाचा हात जाणार नाही. मग पातेल्यावर दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. आतली वाफ भिंतीवरून ओघळते आणि शिंतोडे धुऊन निघतात. झाकण काढल्यावर ब्रश पाण्यात बुडवून भिंतीवरून एकदा फिरवा. ब्रश पाकाच्या किंचित वर टेकवायचा, पाकात बुडवायचा नाही. त्यानंतर आच वाढवा आणि लांब उभे राहा.

ओतताना जे आपणहून पडेल तेवढंच घ्या. पातेल्याला राहिलेलं राहू द्या, ते आपलं नाही.

याउपर विमा म्हणून द्रव ग्लुकोज घाला. 400 ग्रॅम साखरेला 200 ग्रॅमपर्यंत ग्लुकोज आणि 180 मिली पाणी, हे प्रमाण माझ्याकडे आता कधी फसत नाही. ग्लुकोजचे लहानमोठे रेणू साखरेच्या रेणूंच्या मध्येमध्ये घुसतात आणि त्यांना एकमेकांशेजारी नीट बसू देत नाहीत. ते मिळत नसेल तर तेवढ्याच साखरेला पाव छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर सुरुवातीलाच घाला. ती एक आंबट पांढरी पूड असते, आणि आंबटपणा व उष्णता एकत्र आली की साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. परिणाम साधारण तोच, पण हात सांभाळून.

हात सांभाळून का, तर आमची दुसरी तक्रार तिथून आली होती. ज्या घाण्याची साखर होत नसे तो चिकट होई. गोळ्या कागदाला धरायच्या, डब्यात एकमेकींना धरायच्या, तिसऱ्या दिवशी डब्यातून एकच मोठा गोळा निघायचा आणि काका तो बत्त्यानं फोडायला बसायचे. आम्ही हे दोन वेगळे आजार समजत होतो. कुटुंब वाढलं तशी आम्ही कृती दुप्पट केली होती, आणि साखर होऊ नये म्हणून कोणीतरी सुचवल्यावरून लिंबू शेवटी घालायच्या ऐवजी सुरुवातीलाच, तेही अंदाजानं, पिळायला लागलो होतो. दुप्पट पाक वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं उकळत राहिला. आंबट जास्त, वेळ जास्त, त्यामुळे साखर गरजेपेक्षा फार फुटली. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे एक बिघाड टाळायला जे घातलं त्यानंच दुसरा आणला.

वहीत "मग लिंबू" असं शेवटी लिहिलं होतं. आजीनं तो शब्द उगीच लिहिला नव्हता. आंबट चव हवी असेल तर ती शेवटीच द्यायची. पाक खाली उतरवा, बुडबुडे पूर्ण शांत होऊ द्या, मग सायट्रिक ॲसिडची पूड. लिंबाच्या रसात पाणीही असतं, म्हणून मला पूड बरी वाटते. एवढ्या पाकाला एक ते दीड छोटा चमचा पुरतो. इसेन्सही त्याच वेळी, कारण उकळत्या पाकात घातलेला वास घरभर सुटतो आणि गोळीत काही उरत नाही. इसेन्स घालताना तोंड बाजूला ठेवा, वाफ भसकन वर येते. हे घालताना ढवळावं लागतंच. हलक्या हातानं, चार-सहा वेळा, कोरड्या स्वच्छ चमच्यानं, आणि लगेच ओता. ग्लुकोज असेल तर पाक एवढं सहन करतो.

आणि दुप्पट करू नका. दोन वेळा करा, मधे पातेलं धुऊन. आमचा पहिला घाणा बरा व्हायचा आणि दुसरा-तिसरा बिघडायचा, त्याचं कारण न धुतलेलं पातेलं होतं. धुणं अवघड नाही: पातेल्यात पाणी भरून उकळी आणा, डाव, ब्रश, थर्मामीटरचं टोक सगळं त्यात बुडवा. साखर आपोआप सुटते. घासणी लागत नाही.

चिकटपणाचं आणखी एक कारण थर्मामीटर. आमचा खोटं बोलत होता. उकळत्या पाण्यात धरला तर 104 दाखवायचा. म्हणजे आम्ही 150 वाचून पाक उतरवत होतो तेव्हा तो खरा 146 वर होता. कडक गोळीची पट्टी साधारण 146 ते 154 अंशांची, म्हणजे आम्ही उंबरठ्यावरच उभे होतो. त्यात थर्मामीटरचं टोक बुडाला टेकलं असेल तर तो पाकाचं नाही, पातेल्याचं तापमान सांगतो, आणि ते जास्तच असतं. मग पाक आतून आणखी कच्चा. अशी गोळी दाताखाली आधी कडक लागते आणि मग दाढेला चिकटून बसते.

म्हणून दरवर्षी पहिलं काम हेच: पाणी उकळा, थर्मामीटर मधोमध धरा, काय दाखवतो ते कागदावर लिहा आणि तो कागद ओट्यासमोर चिकटवा. 100 च्या वर जेवढे अंश दाखवले तेवढे कृतीतल्या आकड्यात मिळवायचे, खाली जेवढे दाखवले तेवढे वजा करायचे. उंचावर राहणाऱ्यांनाही हाच हिशोब चालतो. समुद्रसपाटीपासून साधारण दर 300 मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं, 1500 मीटरवर ते 95 च्या आसपास उकळेल, तर 150 चा पाक तिथे 145 ला होतो. थर्मामीटर चुकतोय की डोंगर, हे शोधत बसायची गरज नाही, वजाबाकी एकच.

एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. पाक 105-110 च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो. काटा हलत नाही, माणसाला वाटतं आच कमी पडतेय, आणि तो गॅस मोठा करतो. काही बिघडलेलं नसतं, पाणी उडून जायला वेळ लागतो एवढंच. पाणी संपत आलं की काटा एकदम धावायला लागतो. 140 ते 150 हे अंतर बघता बघता सरतं. फोन उचलायचा तो आधी, तेव्हा नाही. 140 ला आच कमी करा आणि 148-149 ला पातेलं उतरवा, कारण तापलेलं बूड आणखी एक-दोन अंश चढवतंच. 160 च्या पुढे पिवळा रंग येतो, तिथून कॅरमेल, आणि तिथून काळा कडू कोळसा व्हायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

थर्मामीटर नसेल तर गार पाण्याची वाटी घ्या. थेंब पाण्यात पडून बोटांत मऊ गोळी वळली तर 112 ते 116, हा गोळीबंद पाक. गोळी टणक झाली तर 121 ते 130. थेंबाची तार होते, पण मोडताना वाकते, तर 132 ते 143. आणि तार टक् आवाज करून तुटली तर तुमची कडक गोळी तयार. थेंब सोडताना पातेलं आचेवरून बाजूला घ्या, नाहीतर तुम्ही वाटीत डोकावत असताना पाक पुढे निघून जातो. कान या कामात डोळ्यांपेक्षा चांगले. आजीकडे थर्मामीटर नव्हता, ती वाटी कानाजवळ धरायची.

हवेचं काय, तर पावसाळी दमट दिवशी कडक गोळ्या करूच नका. करायच्याच असतील तर एक-दोन अंश वर न्या. बाहेर कोरडं असूनही गोळ्या चिकट होत असतील तर ओट्यावर बघा. आमच्याकडे शेजारच्या शेगडीवर वीस माणसांचं जेवण रटरटत असायचं आणि खिडकीची काच वाफेनं घामेजलेली असायची. त्या हवेत गोळी गार व्हायला ठेवणं म्हणजे तिला पाणी पाजणं. आता गोळ्या सकाळी होतात, स्वयंपाक नंतर. गार झाल्या झाल्या, कोमट असतानाही नाही आणि दुपारभर उघड्या ठेवूनही नाही, पिठीसाखरेत घोळवायच्या, एकेक कागदात गुंडाळायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये अजिबात नाही. बाहेर काढलं की गोळीवर दव जमतं आणि सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः.

एवढं करूनही साखर झाली तर? टाकून देऊ नका. तो रवाळ गोळा म्हणजे साखरच आहे, वाया काही गेलेलं नसतं. 400 ग्रॅमच्या घाण्याला अर्धा कप पाणी घाला, मंद आचेवर ठेवा आणि एकूण एक कण विरघळेपर्यंत धीर धरा. मग झाकण, ब्रश, सगळं पहिल्यापासून. ग्लुकोज आधी घातलं नसेल तर आता घाला. आंबटपणा आधीच घातला असेल तर ही दुसरी उकळी त्याला चिकटपणाकडे ढकलेल, अशा पाकाचं मी सरळ कॅरमेल करतो.

कॅरमेलचं थोडक्यात. क्रीम फ्रिजमधून काढून थेट ओतलं किंवा आच एकदम वरखाली केली की लोणी सुटतं, वर तेलकट थर तरंगतो. आच कमी करा, एक-दोन चमचे कडकडीत पाणी घालून सावकाश फेटा, बहुतेक वेळा परत मिळून येतं. पुढच्या वेळी क्रीम कोमट करून, थोडं थोडं. आणि पातेलं चौपट मोठं घ्या, क्रीम पडताच पाक उसळून वर येतो. चावायला मऊ हवं तर 118 ते 120. खूप चिवट झालं तर थोडं क्रीम घालून परत मऊ करता येतं, ताटात पसरलं तर तेवढ्याच पाण्यात परत शिजवता येतं. कॅरमेल क्षमाशील आहे. त्यात दूध-लोणी असल्यानं बूड करपू नये म्हणून ढवळावं लागतं, आणि तेच स्निग्ध साखरेला दाणा धरू देत नाही, म्हणून तिथे ढवळणं खपतं. फक्त भिंत खरवडू नका.

आता पुतणीचा प्रश्न. तिला "तू लांब बस" म्हणायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आठ वर्षांच्या मुलीला 130 अंशांच्या पाकाशेजारी स्टुलावर चढवणं हाच मूळ मूर्खपणा होता. गोळी बिघडली हे नशीब, याहून वाईट घडू शकलं असतं. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून राहतो आणि तिथेच भाजत राहतो. आमच्याकडे आता ओट्यावर गार पाण्याचं मोठं भांडं भरलेलं असतं, पाक लागला तर हात थेट त्यात, मग नळाखाली वीस मिनिटं. चिकटलेला पाक ओढून काढायचा नाही, पाण्यात तो आपणहून विरघळतो. फोड आले किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर डॉक्टरकडे. पाक शेगडीवर असताना ओट्याजवळ एकच मोठं माणूस, जमिनीवर पट्टी चिकटवलेली, मुलं पट्टीच्या पलीकडे. तिथून एक जण मोठ्यानं आकडा वाचतो. दूरवरून दिसेल असा डिजिटल थर्मामीटर त्यासाठीच आणला.

पण आकडा वाचून ढवळायची हौस भागत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. मुलं रुसली. मग लक्षात आलं की घरच्या मिठायांत एक पदार्थ असा आहे ज्याला ढवळणंच हवं असतं, तेही गार झाल्यावर. फज.

फज म्हणजे मुद्दाम साखर केलेला पाक. फक्त दाणे इतके बारीक हवेत की जिभेला कळू नयेत. साखर, दूध, कोको आणि थोडं ग्लुकोज 114-115 पर्यंत न्यायचं, उतरवायचं, वर लोण्याचे तुकडे सोडायचे, आणि मग हात मागे. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, चव बघायची नाही. 45 अंशांच्या आसपास येईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, ते पातेलं एकटं सोडायचं. गरम असतानाच घोटलं तर थोडेच दाणे तयार होतात आणि ते आरामात मोठे होत जातात, फज वाळूसारखा लागतो. गार झाल्यावर घोटलं तर एकाच वेळी असंख्य दाणे सुरू होतात आणि कोणालाच मोठं व्हायला साखर उरत नाही. तोच पाक, तोच डाव, फरक फक्त तापमानाचा. वाळूसारखा झालाच तर थोडं पाणी घालून परत विरघळवा आणि परत 115. थापल्यावर घट्टच झाला नाही तर तो कच्चा उतरवलाय, तोही परत शेगडीवर जातो.

घोटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि एका माणसाचा हात दुखून येतो. म्हणजे नंबर लावायला याहून चांगलं काम नाही. प्रत्येकानं पन्नास वेळा फिरवायचं आणि पुढच्याला द्यायचं. पातेलं कोमट, कोणी हात घातला तरी फार तर चाटेल. काकांनासुद्धा नंबर मिळतो, आता फोडायला गोळा नसल्यामुळे ते मोकळेच असतात.

थांबायचं कधी, हे मात्र नीट बघावं लागतं. सुरुवातीला मिश्रण वितळलेल्या चॉकलेटसारखं चकचकीत असतं, डाव उचलला की रिबिनीसारखं पडतं. मग ते जड होत जातं, आणि एका क्षणी त्याची चमक जाते. डावामागची रेघ मिटायची थांबते. त्याच क्षणी ताटात ओतायचं. आणखी अर्धा मिनिट घोटलं तर ते पातेल्यातच घट्ट होतं आणि चमच्यानं खणून काढावं लागतं.

गेल्या वर्षी पातेल्यावर सहा डोकी वाकली होती. आत्या म्हणत होती अजून दहा वेळा फिरवा, मलाही तसंच वाटत होतं. पुतणी एकदम ओरडली, "गेली! चमक गेली!" आणि तिनं डाव बाहेर काढला. बशीत नाही ठेवला, सिंकमध्ये टाकला.